किल्ली न घेता आलो

गुरुजी, तुमच्या तपकिरीच्या डबीचं झाकण टेबलावर वाजायचं, टक्-टक्, टक्-टक्, आणि आमचा दुसरीचा वर्ग त्या ठेक्यात कविता म्हणायचा. पन्नास वर्षं झाली. इथे घाटकोपरच्या सरकारी क्वार्टरमध्ये खिडकीशी बसलो की अजून ऐकू येतं. शाळा सुटल्यावर तुम्ही गावकऱ्यांना जमिनीचे कागद वाचून दाखवायचात, म्हणून तुम्हालाच विचारतो. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, ते ठाऊक नाही.

पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय, क्वार्टर सोडायचं आहे. मुलुंडला आमचा एकुलता एक ब्लॉक, तो अकरा महिन्यांच्या करारावर एका कुटुंबाला दिलेला. इथले मालक सगळे असंच करतात. मुदत संपली की किल्ली परत घ्यायची, चार दिवस आपलं कुलूप लावायचं, राहणाऱ्यांनी तेवढे दिवस नातेवाइकांकडे काढायचे, मग नवा कागद. नाहीतर माणूस कायमचा भाडेकरू होऊन बसतो. सहा महिन्यांपूर्वी मुदत संपली तेव्हा मी किल्ली आणायला गेलो, तर त्या कुटुंबातल्या गृहस्थाची म्हातारी आई घावणे काढत होती आणि काढता काढता नदीची ती आपली शाळेतली कविता गुणगुणत होती. "बस मरे," म्हणाली, "गरम आसत." बसलो. तिसरं कडवं तिला आठवेना, ते मी म्हटलं; चौथं मला आठवेना, ते तिनं. उठलो तेव्हा दिवेलागण झालेली, किल्ली तिथेच खुंटीवर. म्हटलं, नेऊ पुढच्या रविवारी.

परवा जागा मागायला गेलो. दारावर त्याच्या नावाची पितळी पाटी. "काका, कागद कधीच संपला ना? आता मी भाडेकरू. कोर्टात जा," तो अगदी शांतपणे म्हणाला. म्हातारी आत मान खाली घालून तांदूळ निवडत होती. वकील हसले, "किल्ली आणायला गेला होतात की कविसंमेलनाला?" खटला म्हणे मी मेल्यावरही चालू राहील.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती रोज थोडी भांडी पोत्यात भरते, मुलुंडच्या ओट्यावर काय कुठे ठेवायचं ते बोलते, आणि मी पोत्याचं तोंड बांधून देतो. तुम्ही एकदा ओरडला होतात, "मागचीच ओळ चघळत बसलास, वर्ग कधीच पुढे गेला." या वयात सामान घेऊन कुठे जायचं, गुरुजी?

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात ती म्हातारी. एकटीच आलेली, काखेत वळकटी. "झील तुझी जागा सोडीपर्यंत मी हयच रवतलंय," म्हणाली. "आवशीक न्हेऊक येतलो मा कधीतरी." आईला न्यायला मुलगा कधीतरी येईलच, तोवर इथेच राहायचं, असा तिचा हिशेब. आतून बायको विचारतेय, कोण आलंय. खरं सांगतो, वळकटी हातात घ्यायच्या आधी मी त्या बाईला विचारलं, किती दिवस?