रुमालावरचा टाका

आई, काल उमरखेडला मावशीकडे गेले होते. तिच्या नातीनं टीव्हीवर एक जुना मूकपट लावला होता. दोघी बहिणी, धाकटीची बदनामी थोरली आपल्या अंगावर घेते आणि ठरलेलं लग्न सोडते. मावशी एकदम म्हणाली, "बंद कर थे." नात हसली, "आजी, कोणी बोलून तर राह्यलं नाही, तुले कायचा त्रास?" पण मावशीचा चेहरा पाहून तिनं टीव्ही बंद केला आणि चहा ठेवायला गेली.

मग मावशीनं सांगितलं. आर्णीला तुमच्या माहेरी पाहुणे आले की तुम्हा दोघींचं भरतकाम त्यांच्यासमोर मांडत. मावशीला सुई जमत नसे, म्हणून तिच्या वाट्याचंही तूच भरायचीस. त्यातलाच एक रुमाल तिनं एसटीच्या कंडक्टरला दिला. तो रुमाल फिरून आजोबांच्या हाती आला तेव्हा त्यांनी तुलाच विचारलं. तुझा टाका साऱ्या गल्लीला ठाऊक होता. "ताई म्हणे, टाका माहाच हाय. बस, एवढंच. मी दाराआड उभी होती, पन तोंड नाही उघडलं." तुझं लग्न मोडलं. ते मास्तर तुला आवडायचे, हेही मला कालच कळलं. मग राजूरला, खाणीतल्या एका बिजवराशी, म्हणजे बाबांशी, तुझी गाठ घातली.

रुमालाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, पण तुझी म्हणून. माझं पहिलं स्थळ त्या गोष्टीवरूनच परत गेलं. तो दिवस अजून दिसतो. तू चुलीपुढे अंबाडीची भाजी निवडते आहेस, भाऊ ताटावर बसला आहे, मी उंबऱ्यात उभी. "तुह्या थेरांपायी माहं लग्न मोडून राह्यलं," मी म्हणते. तू मान वर करत नाहीस. निवडता निवडता म्हणतेस, "भाकर खाऊन घे."

काल निघताना मावशीनं हात धरला. "नातीची सोयरीक चालू हाय. मी गेल्यावर सांगजो कोणाले." मी मान हलवली. बसमध्ये वाटत राहिलं, तिच्या नातीसाठी गप्प राहायचं आहे. तूही तेच केलं असतंस. पण खरं कारण ते नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझा विषय निघाला की भाऊ अजून उठून जातो. निदान त्याला तरी सांगायला हवं. पण सांगायला बसले, तर त्या दिवशी मी तुला काय बोलले ते त्याला आठवेल.

हे पत्र त्याच्या पत्त्यावर टाकलं तरी पुरे होईल. मी ते घडी करून माझ्याच कपाटात ठेवते आहे. सकाळी त्याला फोन केला होता, आई. पाऊसपाण्याचं विचारलं आणि ठेवून दिला.