यंत्राची धर्ममाता

प्रिय दानित्सा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलंय म्हणून नाक मुरडू नकोस; जुलै संपला, त्याच्या पाठीचा आता कुणाला उपयोग? शेजारची सेनोबिया सांगत होती, तू ओरुरोला आईच्या स्वेटरांच्या गाळ्यावर बसायला लागलीस आणि गिऱ्हाइकांना सांगतेस, शिक्षकी आपल्याला जमायची नाही. शाब्बास! चार वर्षं घासलीस, त्यातलं शेवटचं वर्ष सरावाचं म्हणून माझ्या घरी राहिलीस, सरावाचे अकरा दिवस उरले, आणि एका डबड्यातून धूर निघाला म्हणून पळालीस. येत्या सोमवारी शाळेत हजर झाली नाहीस तर वर्ष बुडेल. हे तुला ठाऊक आहे, आणि तरी तू स्वेटरांच्या घड्या घालते आहेस.

मुख्याध्यापक एवारिस्तो गावभर सांगत फिरला, "पोरीनं भलतंच बटण दाबलं, लाखमोलाचा प्रोजेक्टर जाळला." ज्याला चष्मा लावूनही स्वतःच्या फोनवरची वेळ दिसत नाही, तो आता बटणांतला पंडित! आणि तू त्याचं खरं मानलंस. मला तुझा राग आला तो याचा. माझ्या बहिणीची मुलगी, आणि अक्कल गहाण टाकली ती कुणाकडे, तर एवारिस्तोकडे.

त्याला शिकवलं कुणी, ते तरी आठव. ला पास शहरातून आलेला तो केसांना तेल थापलेला मुलगा. दोन दिवसांचं प्रशिक्षण, चाळीस शिक्षक, एक यंत्र, आणि हात कुणी लावायचा नाही. "बघून शिका, बाई," म्हणे. बघून शिकता आलं असतं तर आमचा कुत्रा एव्हाना भाकरी भाजत असता. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली, मटण खाल्लं आणि गेला. एवारिस्तोनं प्रमाणपत्र काचेत लावलं आणि यंत्र कपाटात. वर टेबलक्लॉथ. जणू पंगू सासूच ती, बाहेर काढली तर सर्दी व्हायची.

यंत्र आलं तो मे महिन्यातला दिवस मी विसरणार नाही. बाप्तिस्म्याला तेरा मुलांची धर्ममाता झालेली मी, तेव्हा यंत्राचीही मीच व्हायची असं पालकसभेनं ठरवलं. तिरंगी पट्टा माझ्या खांद्यावरून घातला, कपाटाची दुसरी किल्ली माझ्या हाती दिली. कागदाच्या फिती, बँड, सगळं झालं. पण आशीर्वादाची वेळ आली तेव्हा एवारिस्तोनं यंत्रावर प्लास्टिक पांघरलं आणि बिअरची बाटली कलती केली ती जमिनीवर, टेबलाच्या एका पायापाशी. भूमातेला दोन घोट आणि बाकी स्वतःच्या घशात. मी तेव्हाच मनाशी म्हटलं, हा आशीर्वाद यंत्राला पोहोचलेला नाही. गावात नवी बैलजोडी येवो की ट्रक, त्याच्या कपाळाला थेंब लागल्याशिवाय ते कामाला लागत नाही. पण माझं कोण ऐकतो? मी मॅट्रिक, तो प्रमाणपत्रवाला.

तू मात्र त्याची वामकुक्षी साधून रोज दुपारी माझ्याकडून किल्ली नेलीस. तळहातावर पेनानं बटणांची नावं लिहून घ्यायचीस आणि माझ्याकडे जेवताना रश्श्यात निळी शाई कालवायचीस. पहिल्या आठवड्यात भिंतीवर चित्र उलटं, दुसऱ्या आठवड्यात आडवं. मी हसले होते, आठवतं? म्हटलं होतं, पोरांनी आता शीर्षासन करून शिकायचं का? तू रडली नाहीस तेव्हा. उलट माझ्यामागे फोन घेऊन शेतात आलीस आणि मी चुन्यो करताना फोटो काढत बसलीस. रात्रभर कडाक्याच्या थंडीत गोठवायला पसरलेले बटाटे, सकाळी पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढणं, मग उन्हात वाळवणं. मी ओरडले की बाईच्या उघड्या पायांचे कसले फोटो काढतेस. तू म्हणालीस, "मावशी, बर्फ, पाणी, वाफ. माझा अख्खा धडा तुझ्या पायांखाली आहे."

तुझा पाठ तपासायला निरीक्षकबाई आल्या त्या सोमवारी मी दाराशी उभी राहिले ते यंत्र बघायला नव्हे. माझ्या पायांची लाज वाटत होती म्हणून. आणि दानित्सा, भिंतभर माझे पाय आले. भेगा, चिखल, करंगळीचं ते वाकडं नख, सगळं. पोरं ओरडली, "फ्लोरेंतिना मावशीचे पाय!" चाळीस वर्षं मी ते पाय तुडवायला वापरले, कुणी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. मागच्या बाकावरचा तो कधी न बोलणारा कोनोरींचा पोरगासुद्धा उठून विचारायला लागला की तुडवलेलं पाणी जातं कुठे. निरीक्षकबाई लिहायचं थांबून ऐकत होत्या. तू म्हणालीस, "ऊन लागलं की पाण्याची होते—" आणि यंत्राच्या पाठीतून पांढरा धूर निघाला. पोरं टाळ्या पिटत ओरडली, "वाफ! वाफ!" त्यांना वाटलं, हाही धड्यातलाच भाग. पोरं शहाणी. तू तेवढी तोंड झाकून बाहेर पळालीस.

आता ऐक. हे लिहायचं टाळायचं म्हणून मघापासून दुसऱ्यांना बोल लावत आले. कोपाकाबानाच्या मारिया माउलीच्या पवित्र पाण्याची बाटली माझ्या तसबिरीपाशी होती, चार बोटं भरलेली. ती आता रिकामी आहे. आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमधून मिस्सा आटोपून येताना मी शाळेत गेले, कपाट उघडलं. धर्ममाता होते ना मी. उद्या पोरीची परीक्षा आणि यंत्राच्या कपाळाला अजून थेंब नाही, हे मला बघवेना. कपाळ कुठलं ते कळेना, वरच्या बाजूला बारीक भोकं दिसली, म्हटलं इथूनच आत पोहोचेल. नमो मारिया म्हणत चारही बोटं पाणी ओतलं. सोमवारी धूर पाहताच मला कळलं. आणि मी गप्प बसले. तू मंगळवारी बोचकं बांधलंस तरी गप्प. तुझ्यासाठी भाकऱ्या बांधून दिल्या, आणि गप्प. एवारिस्तोला मी वर इतकी नावं ठेवली, पण त्यानं निदान खोटं माहीत नसताना सांगितलं.

काल पालकसभेत उभी राहिले आणि सगळं सांगितलं. एवारिस्तो म्हणाला, "पाणी? यंत्रात?" सेनोबिया म्हणाली, "बाप्तिस्मा केलास होय गं? नाव काय ठेवलंस मग?" सगळी सभा खो-खो हसली. पट्टा काढून घेतला, किल्ली मी स्वतःच टेबलावर ठेवली. निरीक्षकबाईंना चिठ्ठी गेली आहे. पालक शेजारच्या गावचं यंत्र पुढच्या आठवड्यात गुरुवारपुरतं मागून आणणार आहेत, तेव्हा बाई पुन्हा येतील. तू काही जाळलं नाहीस, बटण बरोबर होतं. पाय माझेच दाखव, हवं तर नख कापून घेते. सोमवारी पहिल्या बसनं ये. मी यंत्रापासून वीस पावलं लांब उभी राहीन. फादरांकडून नवं पाणी आणलंय, पण ते या वेळी तुझ्या डोक्यावर घालणार आहे. तुझ्या डोक्याला भोकं नाहीत, एवढं मी नीट तपासून ठेवलंय.

तुझीच,
पट्टा उतरलेली मावशी
फ्लोरेंतिना