सानियेबाईंची खुर्ची

अल्बेनिया, सोमवार

प्रिय बाबा,

तुमच्या चर्चने आम्हाला इथे धर्मप्रसाराला धाडलं त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत उपासनेला येणारं माणूस एकच, सानियेबाई. चर्चला पाठवायच्या दर महिन्याच्या पत्रकात मी त्यांच्याबद्दलच लिहायचे. मंगळवारी त्या गेल्या. मुलाने इमामाला बोलावून दफन केलं.

मी तिथेच भांडले. "अहो, त्या आमच्या होत्या! दर रविवारी यायच्या!"

तो ओशाळला. "ताई, आई म्हणायची, पाहुणे एवढ्या लांबून आलेत अन् एकटेच गात बसतात. बरं दिसतं का? म्हणून यायची, गुडघे धरून."

हे मी माझ्या नवऱ्याला, वाउटरला, सांगितलेलं नाही. कसं सांगू?

काल त्यांची सून आली, त्यांच्याच खुर्चीवर बसली. वाउटरने सगळं प्रवचन तिच्याकडेच बघून दिलं. निघताना तिने माझा हात दाबला. "काळजी करू नका हं. मी येत जाईन. माझ्यामागे माझी लेक येईल."

या महिन्याच्या पत्रकात लिहिलंय, उपस्थिती घटलेली नाही. ते टपालात टाकते. हे पत्र चुलीत.

तुमची थकलेली,
हानेके