खाणीमागची वाट

४ फेब्रुवारी

सर आज पुन्हा म्हणाले, भावनेत अडकू नका, माहिती घ्या. लोक सीमा का ओलांडतात आणि कशी ओलांडतात – आमच्या संशोधनाचे एवढे दोनच प्रश्न. ‘का’चं उत्तर सगळेच देतात. ‘कसं’ विचारलं की चहा पुढे करतात!

आईचं वेगळंच. म्हणे, अख्खी गल्ली पलीकडे गेली, आणि तू ती का गेली हे विचारत इथेच बसलीस.

९ फेब्रुवारी

शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे पुन्हा गेले. जिन्याखालची खोली. एक मशीन, कपड्यांचे गठ्ठे, उरलेल्या जागेत मुलीचा अभ्यास. नवरा पलीकडे गवंडीकाम करतो. मायलेकींनी रीतसर परवाना मागून पाहिला, दरवेळी नकार. कारण कुणी सांगत नाही. मुलगी बापाला आवाजावरूनच काय ती ओळखते.

माझी बाही उसवली होती. ताईंनी ती अंगावरच टाचायला घेतली आणि टाचता टाचता बोलत गेल्या. खाणीच्या मागे कुंपण जमिनीला टेकत नाही. खडीचा ट्रकवाला तिथवर सोडतो. नवरा तसाच गेला. आता दोघींना न्यायला त्याच वाटेने येणार आहे.

मग सुई थांबवून म्हणाल्या, “हे लिहू नका हं, मॅडम.”

मी म्हटलं, तुमचं नाव कुठेही येणार नाही.

त्यांनी नावाचं विचारलंच नव्हतं. घरी आल्यावर लक्षात आलं. तरी टाइप करायला बसलेच.

१० फेब्रुवारी

सर खूश. सोनं आणलंत म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बसायला खुर्ची पुढे केली.

२ मार्च

परिसंवाद झाला. पहिल्या रांगेत सीमा खात्याचे दोन अधिकारी – सरांनीच बोलावलेले. पडद्यावर नकाशा. त्यावर गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. ताईंची झाली होती ‘विवाहित स्त्री, स्वयंरोजगार’. पण खाण या भागात आहेच एक!

चहाच्या वेळी सरांना गाठलं. एवढा नकाशा तरी अहवालातून काढा, म्हटलं. सर म्हणाले, “कुणाचं नाव आहे का त्यात?”

माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं. आणि ते किती गुळगुळीत वाक्य आहे!

जेवताना एक अधिकारी मुद्दाम माझ्याजवळ आला. आमची माणसं ही जागा कधीची शोधत होती, म्हणाला. वर माझं कौतुक. हातातलं ताट तसंच ठेवून दिलं.

३ मार्च

सकाळीच ताईंकडे गेले. सगळं सांगितलं. सरांनी सांगितलं असं नव्हे, मी सरांना दिलं, असं सांगितलं.

त्या मशीनवरच बसून होत्या. म्हणाल्या, “तो काल निघाला. वाटेत फोन बंद ठेवतो.”

मशीन पुन्हा सुरू झालं. मी उगाच उभी. शेवटी मुलीनेच विचारलं, तुमचं काही शिवायचं आहे का?

७ मार्च

धरला. आपल्या बाजूने खाणीमागे तार ठोकून, दगड भरून झाले होते. तो मागे फिरला आणि पलीकडच्यांच्या हातात सापडला. आता तिकडच्या कोठडीत आहे. ट्रकवाल्याकडून कळलं. त्याने बातमी सांगितली आणि माझ्या पायाशी थुंकला. बरोबर केलं.

८ मार्च

सर म्हणतात, वाईट झालं खरं, पण आपल्या संशोधनाची प्रत्यक्ष दखल घेतली गेली, हेही नाकारता येत नाही. पुढच्या निधीच्या अर्जात तसं घालणार आहेत. मला वाक्य रचून द्यायला सांगितलं.

रचून दिलं नाही. एवढीच माझी मर्दुमकी!

घरी आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि वाढायला उठली. एरवी मला टोमणा मारल्याशिवाय तिचा दिवस जात नाही.

११ एप्रिल

दुसरा टप्पा मंजूर. विषय – ‘वाट बंद झाल्यावर लोक काय करतात?’ सरांनी माझ्याकडच्या बाकीच्या मुलाखती मागितल्या. मी म्हटलं, आवाज नीट आला नाही, पुसून टाकल्या. पुसून टाकल्या हे खरं. आवाज स्वच्छ होता.

या वेळी सरांनी खुर्ची पुढे केली नाही.

१५ एप्रिल

ताई घरी आल्या, मुलीला घेऊन. मला वाटलं शिव्या द्यायला आल्या. शिव्या चालल्या असत्या.

त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, “अजून एखादी वाट असेलच, मॅडम. तुम्ही इतक्यांना विचारलंत.”

आई उठली आणि तिने दाराला कडी घातली.

मी सांगितली.