शांतिरथ

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी.
आजपासून राग बंद. कायमचा. कोकणच्या ट्रिपला यायला साधनाने अटच घातली आहे. "येते मी. पण एकदा जरी ओरडलात, तर जिथे असू तिथे उतरेन. तुमच्याबरोबर परत यायची नाही." एवढं लांब वाक्य लग्नानंतर पहिल्यांदाच बोलली. मी ओके म्हणालो. मुळात मी ओरडतच नाही. सगळी नोकरी नाशिकला अंबडच्या मशीन शॉपमध्ये गेली. तिथे प्रेस मशीनच्या वर आवाज काढावा लागतो. रिटायर झालो तरी व्हॉल्यूम तेवढाच राहिला, त्याला मी काय करू.

गाडी तयार. जुना टेम्पो ट्रॅव्हलर. सीट काढून आत बेड, ओटा, सिंक. बाहेरून पांढराशुभ्र रंग, खिडक्यांना पडदे. अटीचा मान राखून दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत नाव टाकून घेतलं: शांतिरथ. साधना नावाबद्दल काहीतरी सांगत होती. पूर्ण ऐकता आलं नाही. पेंटर वेलांटी चुकवत होता, त्याला ओरडत

त्याला समजावत होतो.

३ डिसेंबर, बुधवार.
निघालो. बॉनेटवर झेंडूची माळ. इंदिरानगरच्या सिग्नलला लोक आपणहून बाजूला झाले. एका रिक्षावाल्याने चक्क हात जोडले. नाशिकचा रिक्षावाला हात जोडतो, म्हणजे चांगल्या ड्रायव्हिंगची कदर अजून आहे.

दुपारी. मोखाड्याच्या अलीकडे घाटात इंजिन तापलं. बॉडी बनवणाऱ्या दिनेशला फोन लावला. रेंज नाही. रागावलो नाही. फोन फक्त सीटवर ठेवला. जरा लांबून ठेवला. स्क्रीनला तडा.

टपरीवर गोटीराम नावाचे एक म्हातारे होते. टोपी काढून जवळ आले आणि अगदी हळू विचारलं, "कोन गेला?" म्हटलं, अजून कुणी नाही, आम्ही दोघंच निघालोय. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग साधनाकडे. बराच वेळ पाहिलं. चहाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. याला म्हणतात पाहुणचार. साधना गाडीमागे जाऊन पदर तोंडात कोंबून उभी. "अहो, ते नाव..." असं काहीतरी म्हणत होती. म्हटलं, आधी रेडिएटर.

५ डिसेंबर, शुक्रवार. अलिबागच्या पुढे कुठेतरी.
गुगलच्या बाईने नारळाच्या वाडीत आणून सोडलं. वाडीचा मालक म्हणाला, इथे गाडी लावायची नाही, घरात लग्न आहे. मी विचारलं, लग्नाचा आणि पार्किंगचा काय संबंध. तो म्हणाला, तुम्हीच विचार करा. केला विचार. संबंध नाही. तेच त्याला सांगितलं. त्याचा कुत्रा भुंकत होता, म्हणून कुत्र्याच्या वर आवाज न्यावा लागला. मंडप बांधणारे शिडीवरून खाली उतरले.

गाडीत येऊन बघतो तर साधना बॅग भरतेय. म्हटलं, कुत्र्यावर ओरडलेलं धरायचं नाही. तिने बॅग खाली ठेवली. ही शेवटची सूट, म्हणाली. न्याय म्हणून काही आहे की नाही? कुत्र्याला कुणी अट घातली नाही.

रात्री वळणावर कुकर घसरला. आमटी बेडवर. दिनेशने ओट्याला कठडा दिलेला नाही. शांत आहे. दिनेशला परत गेल्यावर बघतो.

६ डिसेंबर, शनिवार. हरिहरेश्वर.
समुद्र. खडकांवर लाटा फुटत होत्या. साधना एका खडकावर जाऊन बसली. तिला एकटं वाटू नये म्हणून शेजारी बसून डिझेल इंजिनचं कूलिंग कसं चालतं ते सुरुवातीपासून समजावलं. मग सेल्फी काढणाऱ्या पोरांना खडकावरून हाकललं. सुरक्षिततेचा प्रश्न होता, तो राग नव्हे. आज ट्रिपला खरी मजा आली. तिलाही आली असणार, शेवटपर्यंत समुद्राकडेच बघत होती.

७ डिसेंबर, रविवार.
लिहिताना पेनाने कागद फाटतोय. रागाने नाही. हो, रागाने.

खाडी ओलांडायला फेरीबोट. रांग मोठी, तरी आम्हाला सगळ्यांच्या पुढे घेतलं. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. बोटीवरचा माणूस आदराने जवळ आला आणि विचारलं, "काका, बॉडी कुठली?" मी म्हटलं, अंबडची, मी स्वतः उभं राहून करून घेतली. तो एक पाऊल मागे सरला. किती दिवस झाले म्हणाला. तीन महिने, म्हटलं. वास येत नाही का? म्हटलं, सुरुवातीला फार यायचा, पडदे उघडे ठेवले, आता काही नाही.

सगळी बोट एका बाजूला सरकली.

तेव्हा साधना कानात म्हणाली, "अहो, ते प्रेताबद्दल विचारतायत. शांतिरथातून स्मशानात नेतात. पहिल्या दिवसापासून सांगतेय."

यानंतर मी जे बोललो ते दोन्ही काठांना ऐकू गेलं म्हणतात. बोटवाल्याला बोललो, दिनेशला बोललो, पेंटरला बोललो, पेंटर तिथे नसताना. आणि तिलाही बोललो. आधी नीट सांगायला काय झालं होतं, असं. पुन्हा पुन्हा.

बोट लागली. तिने बॅग घेतली, उतरली आणि चालत गेली. हाक मारणार होतो. पण हाक म्हणजे ओरडणंच, तेवढं तारतम्य मला आहे. मागून गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. त्यांना मात्र सोडलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार. नाशिक.
एकटा परत आलो. सोसायटीवाले म्हणतात, गाडी गेटच्या आत नको. त्यांना उत्तर देण्याची ताकद नाही. ताकद आहे, मूड नाही. तृप्तीला पुण्याला फोन केला. लेक कोणाच्या बाजूने असते ते कळलं.

चार दिवसांनी आज साधनाने फोन उचलला. खाडीपलीकडे कुणा लताबाईंच्या घरी खोली घेऊन राहिली आहे. मी आधीच ठरवलं होतं, आवाज अगदी खाली. विचारलं, जेवलीस का? जेवले, म्हणाली. मग म्हणाली, "इथे समुद्राचा आवाज येतो हो. इतका मोठा असतो, मला माहीतच नव्हतं."

मग म्हटलं, ये ना गं परत. इतक्या हळू मी आयुष्यात बोललो नसेन.

ती म्हणाली, "काय? जरा मोठ्याने बोला, ऐकू येत नाहीये."

मोठ्याने बोललो. तिने फोन ठेवला.