आजोबांची गाडी

प्रिय ठकू,

तुझा फोन आला की आई सांगते, बाबा बागेत आहेत. खरं तर मी तिच्या शेजारीच बसलेला असतो. तुझ्याशी बोलायला तोंड नाही, म्हणून हे लिहितोय.

त्या रविवारी तू छकुलीला गवत कापायच्या चालत्या मशीनवरून, माझ्या मांडीवरून, पाहुण्यांसमोर ओढून उतरवलंस. माझं डोकं फिरलं. “तुलाही असंच वाढवलं, काय झालं तुला?” असं म्हणालो. साफ खोटं होतं ते. तुझ्या लहानपणी मी विळ्याने गवत काढायचो आणि तुला आसपास फिरकू देत नसे. तू बॅग भरलीस आणि छकुलीला घेऊन निघून गेलीस. मी मात्र गल्लीभर सांगत सुटलो, हल्लीच्या आया पोरांना काचेच्या कपाटात ठेवतात म्हणून. एवढ्यावर थांबलो नाही. शेजारच्या नर्सबाईंच्या छोट्या गोट्यालाही मशीनवर मांडीवर घेऊन बागेत फेऱ्या मारू लागलो. तुला खोटं पाडायचं होतं ना!

गेल्या शनिवारी कुंपणापाशी मशीन मागे घेत होतो. आवाजात काही ऐकू येत नव्हतं. आई कपडे वाळत घालत होती, तिने एकदम ओली चादर माझ्या अंगावर भिरकावली. दचकून ब्रेक दाबला आणि वळून पाहिलं. मागच्या चाकापासून हातभर अंतरावर गोट्या उभा होता. दोन्ही हात वर करून, हसत. मशीन दिसलं की धावत यायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

नर्सबाई धावत आल्या. मी काय म्हणावं? “पोराकडे लक्ष देता येत नाही का?” चोराच्या उलट्या बोंबा! त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, तरी माझीच माफी मागून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काका, सांगितलंत ते बरं केलंत. पण गोट्या आता तुमच्याकडे येणार नाही.” मान खाली घालून परतलो.

तू माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. काल आईकडून कळलं, छकुलीच्या नव्या शाळेच्या मैदानावर तसलंच मशीन फिरतं, आणि ते दिसलं की ती “आजोबांची गाडी!” म्हणून टाळ्या पिटते. तेव्हापासून घास उतरत नाही. तिला आजच सांग, तो आवाज आला की लांब पळायचं, कुणी बोलावलं तरी जवळ जायचं नाही. ती म्हणेल, आजोबा तर बसवतात. तेव्हा माझी लाज राखायला जाऊ नकोस. आजोबा चुकले, असं तिला स्पष्ट सांग.

तुझाच,
ओशाळलेला बाबा