चौदा जणांच्या चौदा चुका

भामरागड,
२७ मे २००३

प्रिय खुशालभाऊ,

सप्रेम नमस्कार. रुपालीवहिनींना सांग, पापड पोचले. गावी बाबांचा खोकला कमी आहे, परवा चामोर्शीच्या बाजारात स्वतः जाऊन आले. इथे उन्हाने जीव काढलाय.

माझ्या बारावीच्या चौदा पोरांचा जीवशास्त्राचा निकाल राखून ठेवलाय. सामूहिक कॉपीचा ठपका. प्रश्न होता, पेशीतल्या ट्रान्स्क्रिप्शन आणि ट्रान्सलेशनमधला फरक सांगा. चौदाही जणांनी उदाहरण एकच लिहिलं, दोरीच्या गाठींचं.

लिहिणारच. मीच शिकवलं होतं. जाळ्याचा नमुना गाठींत बांधून ठेवलेली आजोबांची दोरी घराबाहेर न्यायची नाही, हा आपल्या घरचा नियम. म्हणून बाबा तिच्यावरून दुसऱ्या दोरीवर गाठीला गाठ मारून घेतात आणि ती तळ्यावर नेतात. डीएनएही केंद्रकाबाहेर पडत नाही. त्याची आरएनएवर नक्कल होते, त्याच भाषेत. ते ट्रान्स्क्रिप्शन. तळ्यावर बाबा तीन-तीन गाठी चाचपून जाळ्याला कोणता मणी ओवायचा ते ठरवतात. पेशीतही तीन-तीन अक्षरं वाचून एकेक अमिनो आम्ल जोडलं जातं आणि प्रथिन तयार होतं. गाठींचे मणी झाले, भाषा बदलली. ते ट्रान्सलेशन.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कॉपी झाली म्हणून सही करून टाका ना. तुमची नोकरी वाचते, पोट्टे पुढच्या साली बसतील."

मी म्हटलं, "मी नाई करत सही."

त्या चौदांतल्या वच्छलाला नर्सिंगचा फॉर्म भरायचाय. तिचं वर्ष मी कोणाच्या सोयीसाठी घालवणार नाही.

उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स मी ओळ न ओळ वाचल्या. इंग्रजी सगळ्यांचं मोडकं, पण प्रत्येकाचं वेगळ्या जागी मोडलेलं. वच्छलाने मण्याला गोल दगड म्हटलं. सुकलूला शब्दच सुचला नाही, त्याने चित्र काढलं. बिरजू मला म्हणाला, "मॅडम, मी कोनाचं पायलं नाई. मले तुमच्या बाबाची दोरी दिसून राह्यली होती." कॉपी असती तर चुकाही सारख्या उतरल्या असत्या. इथे चौदा जणांच्या चौदा चुका आहेत.

आणि समासात लाल शेरा: 'असंबद्ध उदाहरण, पाहून लिहिलेले.' भाऊ, त्याच अक्षराकडे बघून मी लिहायला शिकले.

हे उदाहरण मला तूच दिलंस, तळ्याच्या पाळीवर, माझ्या बारावीच्या वर्षी. चौदा वेळा वाचूनही ओळखलं नाहीस? ओळखलंस. उदाहरण आपल्या घरचं म्हणालास, तर खुशाल सरांचे वडील मासे धरतात हे तुझ्या भद्रावतीच्या कॉलनीत कळेल, म्हणून पोरांना चोर ठरवलंस. मला तुझा राग आलाय, आणि तुझी लाजही वाटते.

४ जूनला चंद्रपुरात सुनावणी आहे, पेपर तपासणारा म्हणून तूही असशील. चौदाही पोरांना एसटीने आणतेय. समितीने एकेकाला वेगळं बसवून फरक विचारावा. मग विचारतील, हे उदाहरण आलं कुठून. तू आधी उठून सांगितलंस तर बरं, नाहीतर मी तुझं नाव घेईन.

बाबाही येताहेत. शेरा कोणाचा, हे त्यांना अजून माहीत नाही. ते पहिल्या बाकावर बसतील. तू कुठे बसायचं ते ठरवून ये.

अजून तरी तुझी बहीण,
रंभा